यंत्राचे मालक आणि शब्दांची वस्ती: मड खेळांतील सत्ता व न्याय, १९७८–१९९६

इंटरनेटवर माणसाने कसे वागावे, वाईट वागणाऱ्याला शिक्षा कोणी करावी आणि तसे करण्याचा अधिकार शिक्षा करणाऱ्याला कोठून मिळतो, हे प्रश्न आज समाजमाध्यमांच्या संदर्भात विचारले जातात, आणि त्यामुळे ते चालू शतकातच निर्माण झाले असावेत असा समज सहज होतो. वस्तुतः त्यांतील बरेचसे प्रश्न १९७८ ते १९९६ या काळात, पडद्यावर एकही चित्र नसलेल्या, केवळ शब्दांवर चालणाऱ्या आणि फार थोड्यांना ठाऊक असलेल्या खेळांत पुरते उभे राहिले होते. तेथे त्यांच्यावर रात्ररात्र वाद झाले, मतदान झाले, कायदे झाले आणि ते कायदे मोडूनही पडले. या खेळांना ‘मड’ असे नाव आहे. संगणकीय खेळांचे इतिहास बहुधा विक्रीच्या आकड्यांवर आणि चित्रांच्या प्रगतीवर रचले जातात, त्यामुळे मडच्या वाट्याला त्यांत जेमतेम एखादा परिच्छेद येतो. हा अन्याय आहे, कारण ज्याच्या हाती यंत्र आहे त्याची सत्ता आणि त्या यंत्रात वस्ती करून राहिलेल्यांचा हक्क यांच्यातील भांडण, जे आजच्या प्रत्येक ऑनलाइन समूहाच्या मुळाशी असते, ते इतक्या उघडपणे अन्यत्र क्वचितच लढले गेले.

या परंपरेचा आरंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. तेथील संगणकशास्त्राचे विद्यार्थी रॉय ट्रबशॉ यांनी १९७८च्या शरद ऋतूत विद्यापीठाच्या डेक कंपनीच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर एक खेळ लिहिण्यास घेतला. त्या काळी शब्दांवर चालणारे साहसखेळ अस्तित्वात होते: यंत्र खेळाडूला एखाद्या गुहेचे वा वाटेचे वर्णन वाचायला देई, खेळाडू ‘उत्तरेकडे जा’, ‘दिवा उचल’ अशा आज्ञा टंकित करी आणि यंत्र पुढचे वर्णन पाठवी. परंतु या गुहांत खेळाडू एकटाच हिंडत असे. एकाच यंत्राला जोडलेल्या अनेक टर्मिनलांवरील माणसांना स्मृतीचा एकच भाग एकाच वेळी वाचता आणि बदलता यावा, अशी सोय पीडीपी-१०मध्ये असल्याचे ट्रबशॉ यांच्या ध्यानात आले आणि तिच्या आधारे त्यांनी अनेकांना एकाच गुहेत उतरवले. एकाने दिवा उचलला की तो दुसऱ्यासाठी तेथून नाहीसा होई. ‘झॉर्क’ या प्रसिद्ध साहसखेळाची ‘डन्जन’, म्हणजे तळघर, नावाची एक आवृत्ती तेव्हा प्रचारात होती. तिच्यावरून या खेळाला ‘मल्टि-यूझर डन्जन’ असे नाव मिळाले आणि त्याच्या आद्याक्षरांचे ‘मड’ झाले. १९८० साली ट्रबशॉ यांनी विद्यापीठ सोडल्यावर हा खेळ त्यांचे सहाध्यायी रिचर्ड बार्टल यांच्याकडे आला आणि आज ज्याला पहिला मड म्हणून ओळखले जाते त्याचे जग बहुतांशी बार्टल यांनी भरले.

बार्टल यांची भूमिका येथे लक्षात घ्यावी लागते, कारण खेळाची रचना तिच्यातून निघाली आहे. सत्तरच्या दशकातील ब्रिटनमध्ये माणूस कोणत्या घरात जन्मला आणि त्याचे उच्चार कोणत्या भागातले आहेत यावरून त्याचे आयुष्य ठरत असे, आणि तसे नसलेले जग निर्माण करणे हा आपला हेतू होता, असे बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मडमध्ये प्रवेश करणारा प्रत्येक जण शून्य गुणांवर आरंभ करी. खजिन्यातील वस्तू शोधून त्या एका दलदलीत टाकल्या की गुण मिळत, लढाईतही मिळत, आणि गुणांच्या पायऱ्या चढत १,०२,४०० गुण झाले की खेळाडू ‘विझार्ड’ म्हणजे महामांत्रिक होई. लढाईत मारल्या गेलेल्या पात्राचा मृत्यू कायमचा असल्याने ही चढण फार कठीण होती. विझार्डला मरण नव्हते. तो अदृश्य होऊ शके, इतर खेळाडू काय बोलतात आणि काय करतात ते गुपचूप वाचू शके, आणि एका आज्ञेने कोणाचेही पात्र कायमचे नष्ट करू शके. जन्मावर आधारलेली प्रतिष्ठा मोडण्यासाठी बांधलेल्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर अशी अमर्याद सत्ता ठेवलेली होती. ती कमावलेली सत्ता होती, वारशाने आलेली नव्हती, आणि बार्टल यांच्या दृष्टीने हाच भेद निर्णायक होता. परंतु जो नवखा त्या सत्तेखाली दबत असे, त्याला हा भेद कितपत जाणवत असावा हा प्रश्न उरतोच, आणि पुढील पंधरा वर्षे तो वेगवेगळ्या रूपांत परत परत येत राहिला.

१९८० साली एसेक्सचा संगणक प्रयोगात्मक जोडणीद्वारे अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याशी जोडला गेला, त्यामुळे मडला परदेशी खेळाडू मिळाले, तर ब्रिटनमधील बाहेरच्या लोकांना विद्यापीठाचे यंत्र रिकामे असेल तेव्हा, म्हणजे मुख्यतः रात्री उशिरा, खेळण्याची मुभा देण्यात आली. घरगुती संगणक, मोडेम आणि टेलिफोनचे वाढते बिल घेऊन जागणाऱ्या या लोकांचा एक समाज तयार झाला, ज्यात कोणी कोणाला पाहिलेले नव्हते. स्त्री म्हणून सर्वांशी मैत्री करणारे, विझार्डपदापर्यंत पोहोचलेले आणि अनेकांच्या जिव्हाळ्याचे झालेले एक पात्र प्रत्यक्षात एक विवाहित पुरुष चालवीत असल्याचे त्या काळातच उघड झाले, आणि वेषांतर हा खेळाचा भाग कोठपर्यंत व फसवणूक कोठून, हा वाद तेथे प्रथम पेटला. शब्दांच्या जगात पात्र हेच माणसाचे एकमेव शरीर असल्याने त्या शरीराविषयी खोटे बोलणे म्हणजे काय, याचे उत्तर कोणत्याही प्रचलित नीतिशास्त्रात तयार मिळण्यासारखे नव्हते.

खेळातील या शरीराला ‘अवतार’ हे नाव मात्र एसेक्समध्ये मिळाले नाही. अमेरिकेतील लुकासफिल्म गेम्स या कंपनीत चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी कमोडोर ६४ या स्वस्त घरगुती संगणकासाठी ‘हॅबिटॅट’ नावाचे सचित्र जग रचले, जे १९८६ ते १९८८ या काळात क्वांटम लिंक या दूरध्वनीवरील सेवेतून प्रायोगिक तत्त्वावर चालले. त्यात खेळाडूचे प्रतिनिधित्व करणाऱ्या आकृतीसाठी संस्कृतातील ‘अवतार’ हा शब्द योजण्यात आला आणि जवळपास त्याच काळात ‘अल्टिमा’ या खेळमालिकेतही तो आला. आपल्याकडे अवतार वर येत नाही, खाली उतरतो. देह नसलेला देहात येतो. ज्याने हा शब्द निवडला त्याला मूळ अर्थाची जाण होती असे दिसते, कारण खेळाडू आपल्या जगातून त्या जगात उतरतो, हीच कल्पना त्यामागे होती.

हॅबिटॅटचा इतिहास या दोन निर्मात्यांनी १९९० साली स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवला आहे आणि तो या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य वाचण्यासारखा आहे. वीस हजार रहिवाशांसाठी आखलेल्या या जगात आरंभी शस्त्रे होती आणि चोरीही करता येत असे. मेलेला अवतार आपल्या घरी पुन्हा उभा राही, पण हातातील व खिशातील वस्तू गमावून बसे. काही रहिवाशांना ही लुटालूट असह्य झाली, काहींना ती खेळाची गंमत वाटे. प्रत्यक्ष जीवनात ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मोपदेशक असलेल्या एका खेळाडूने ‘पवित्र अक्रोडाचा संघ’ स्थापून आपल्या अनुयायांना शस्त्र, चोरी व हिंसा यांपासून दूर राहण्याची शपथ दिली. रहिवाशांनी निवडणूक घेऊन एक शेरीफ, म्हणजे कोतवाल, नेमला. हत्या हा गुन्हा मानावा की खेळ, यावर कौल घेतला तेव्हा मते जवळजवळ निम्मी निम्मी पडली. अखेर शहराच्या हद्दीत हिंसा व चोरी यंत्रानेच अशक्य करण्यात आली आणि रानात ती तशीच ठेवण्यात आली.

त्याच जगात आणखी एक प्रकरण घडले, जे नीतीच्या दृष्टीने अधिक अवघड आहे. वस्तू विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या स्वयंचलित यंत्रांपैकी एक यंत्र ७५ टोकनांना बाहुली विकत होते, तर दूरचे दुसरे यंत्र तीच बाहुली १०० टोकनांना विकत घेत होते. तसेच १८,००० टोकनांचा स्फटिकगोल दुसरीकडे ३०,०००ला जात होता. काही रहिवाशांच्या हे लक्षात आले, त्यांनी रात्रभर फेऱ्या मारल्या आणि सकाळपर्यंत त्या जगातील एकूण चलन पाचपट झाले. निर्मात्यांनी विचारणा केली असता आपण ही संपत्ती सचोटीने मिळवली आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले, आणि त्यात तथ्य होते. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता, यंत्र जे देत होते तेच घेतले होते. त्यांची संपत्ती जप्त झाली नाही, आणि पुढे त्यांनी तीच संपत्ती इतरांसाठी गुप्तधनाच्या शोधाचे खेळ भरवण्यात खर्च केली. प्रशासकांच्या हातून एक प्राणघातक शस्त्र खेळाडूंच्या हाती पडले तेव्हाही ते एका आज्ञेने काढून घेण्याऐवजी भर चौकात, गर्दीसमोर, १०,००० टोकनांची खंडणी देऊन परत घेण्यात आले. मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांचा हा संयम दुर्मिळ आहे: आपल्या हाती सर्वशक्तिमान कळ असताना ती न दाबता, जगाच्या आतल्या नियमांनीच जगातील पेच सोडवण्याची शिस्त त्यांनी पाळली.

दरम्यान विद्यापीठांच्या जाळ्यांवर मडची अनेक पिल्ले जन्माला आली होती. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे ॲलन कॉक्स यांनी १९८७ साली ‘ॲबरमड’ लिहिला, आणि पुढच्याच वर्षी तो सी भाषेत आल्यावर जगभरच्या युनिक्स संगणकांवर पसरला. १९८९ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील जिम अ‍ॅस्पनेस यांनी ‘टायनीमड’ रचला, त्यात लढाई आणि गुण काढून टाकले आणि प्रत्येक खेळाडूला स्वतः खोल्या व वस्तू बांधण्याची मुभा दिली. खेळातून स्पर्धा काढली की उरते ती वस्ती, हे या एका निर्णयाने सिद्ध झाले. याच टायनीमडमध्ये मायकल मॉल्डिन यांनी ‘जूलिया’ नावाचे, माणसासारखे बोलणारे स्वयंचलित पात्र सोडले, ज्याच्या वर्णनासाठी त्यांनी ‘चॅटरबॉट’ हा शब्द घडवला. आजचा ‘चॅटबॉट’ त्याचाच संक्षेप आहे. जूलिया ही खरी स्त्री आहे असे समजून तिची मनधरणी करत राहिलेले खेळाडू होते, आणि यंत्राने आपण यंत्र असल्याचे सांगावे की नाही हा आज कायदेमंडळांत चर्चिला जाणारा प्रश्न तेथे कोणाच्याही परवानगीविना, प्रत्यक्ष माणसांवर तपासला गेला.

मालकीच्या नीतीचा प्रश्न डेन्मार्कमधून आला. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी ‘डिकूमड’ लिहून त्याचा मूळ संकेत, म्हणजे सोर्स कोड, खुला केला, आणि दोनच अटी ठेवल्या: या संकेतावर कोणी पैसे कमवू नयेत, आणि प्रवेशाच्या पडद्यावर मूळ निर्मात्यांची नावे राहावीत. शेकडो मड या संकेतावर उभे राहिले. ज्यांनी नावे पुसली किंवा देणग्यांच्या नावाखाली पैसे घेतले, त्यांच्याविरुद्ध दावा लावण्याइतके बळ या विद्यार्थ्यांकडे नव्हते. परंतु मडच्या समाजाने अशांना वर्षानुवर्षे नावे ठेवली, आपल्या याद्यांतून वगळले आणि त्यांच्याशी संबंध तोडले. ‘एव्हरक्वेस्ट’ हा मोठा व्यापारी खेळ १९९९ साली आल्यावर त्याच्यात डिकूमडचा संकेत वापरल्याचा संशय घेतला गेला, तेव्हा त्याच्या निर्मात्यांना तो वापरलेला नसल्याचे शपथपूर्वक लिहून द्यावे लागले. न्यायालयात न गेलेल्या दोन अटींचा हा वचक लहान समाजाच्या स्मरणशक्तीतून आला होता.

तथापि या सर्व इतिहासाचे केंद्र कॅलिफोर्नियात आहे. पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात काम करणारे पाव्हेल कर्टिस यांनी, स्टीफन व्हाइट यांनी आरंभिलेल्या ‘मू’ या प्रणालीचा विस्तार करून, ऑक्टोबर १९९०च्या अखेरीस ‘लॅम्डामू’ सर्वांसाठी खुला केला. मू हा मडचाच एक प्रकार. फरक असा की त्यात खेळाडूंना खोल्या बांधण्याबरोबर लहान प्रोग्रॅम लिहून नव्या आज्ञा व नव्या वस्तूही निर्माण करता येतात. लॅम्डामूची मध्यवर्ती वास्तू कर्टिस यांच्या स्वतःच्या घरावर बेतलेली होती: नवागत कोट टांगण्याच्या अंधाऱ्या कोठडीत जागा होई, दार उघडून दिवाणखान्यात येई, आणि तेथे एक बोलका काकाकुवा आणि दहा-वीस अनोळखी माणसे गप्पा मारताना त्याला भेटत. यंत्राची स्मृती मर्यादित असल्याने प्रत्येकाला बांधकामासाठी ठरावीक जागा मिळे. ती वाढवून हवी असल्यास त्यासाठी एका निरीक्षण मंडळाकडे अर्ज करावा लागे, आणि ही जागा म्हणजे त्या जगातील जमीनच असल्याने तिच्यावरून होणारी भांडणेही गावकीच्या भांडणांसारखीच कडवट होती. ही भांडणे आणि परस्परांविरुद्धच्या तक्रारी सोडवण्याचे काम कर्टिस व त्यांचे सहकारी असलेल्या विझार्डांवर पडे. येथे विझार्ड म्हणजे गुण मिळवून चढलेला खेळाडू नव्हे, तर यंत्रावर पूर्ण अधिकार असलेला व्यवस्थापक. या कामाला कंटाळून, आणि ते आपल्या हाती असणे योग्य नाही अशा प्रामाणिक विश्वासाने, कर्टिस यांनी डिसेंबर १९९२ मध्ये एक जाहीरनामा प्रसिद्ध केला: यापुढे विझार्ड केवळ तांत्रिक देखभाल करतील, समाजाचे निर्णय समाजाने घ्यावेत. पण ते निर्णय समाजाने कोणत्या मार्गाने घ्यावेत याची कोणतीच तरतूद त्या जाहीरनाम्यात नव्हती.

ही पोकळी मार्च १९९३ मध्ये उघडी पडली. ‘मिस्टर बंगल’ नावाच्या एका पात्राने गजबजलेल्या दिवाणखान्यात ‘वूडू बाहुली’ नावाच्या प्रोग्रॅमचा वापर केला. दुसऱ्याच्या पात्राने एखादी कृती केली असे वाक्य सर्वांच्या पडद्यावर उमटवण्याची शक्ती या प्रोग्रॅममध्ये होती. ज्याचे पात्र असे वापरले जाई, त्या खेळाडूला ते वाक्य थांबवता येत नसे. बंगलने या मार्गाने काही स्त्री-पात्रांवर आणि अन्य पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वाक्ये सर्वांसमोर एकामागून एक लादली, आणि एका जुन्या जाणत्या खेळाडूने त्याला एका जादुई पिंजऱ्यात कोंडेपर्यंत हे चालू राहिले. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ‘द व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात या घटनेवर दीर्घ लेख लिहिला आणि तो इंटरनेटच्या नीतीविषयीच्या चर्चेतील पायाभूत लेखनांपैकी एक ठरला. त्यांच्या लेखात ‘लेग्बा’ या नावाने येणाऱ्या पात्राच्या चालक स्त्रीने दुसऱ्या दिवशी लॅम्डामूच्या सार्वजनिक चर्चेत आपली तक्रार लिहिली, ती लिहिताना आपल्याला रडू आवरत नव्हते असे तिने नंतर सांगितले, आणि लवकरच तिने बंगलला नाहीसे करण्याची मागणी केली. या शिक्षेचे तेथील नाव ‘टोड’ करणे, म्हणजे परीकथेप्रमाणे बेडूक करणे असे होते. व्यवहारात पात्र कायमचे पुसून टाकणे हा त्याचा अर्थ होता.

तीन दिवसांनंतर एका खेळाडूच्या खोलीत सुमारे तीस जण जमले आणि तासन्‌तास चर्चा झाली. कोणाला वाटे की शब्दांनी केलेला अत्याचार हा अत्याचारच, कारण या जगात शब्दांखेरीज दुसरे काहीच अस्तित्वात नाही. कोणी म्हणे की ज्याला त्रास होतो त्याने त्या पात्राचे बोलणे आपल्या पडद्यावर बंद करण्याची आज्ञा वापरावी. कोणी विचारी की लिखित कायदाच नसताना देहदंडाची शिक्षा कशाच्या आधारावर द्यायची. पूर्वी मराठी मुलखात गोतसभेपुढे तंटा आला म्हणजे उपस्थितांची नावे व निशाण्या, कुणब्याचा नांगर अशा खुणांसह, महजरावर, म्हणजे निवाड्याच्या लेखावर, उमटत आणि त्यानंतरच निवाड्याला वजन येई. लॅम्डामूच्या त्या खोलीत टोपणनावांची सभा होती, पण महजर नव्हता, निवाडा लिहिण्याची रीत नव्हती आणि निवाडा अमलात आणू शकणाऱ्यांनी तर तीनच महिन्यांपूर्वी आपले हात आखडून घेतले होते. आरोपी स्वतः सभेत येऊन गेला आणि हा केवळ एक मानसिक प्रयोग होता अशा आशयाचे उत्तर देऊन गप्प बसला. सभा निर्णयाविना पांगली. त्यानंतर सभेत उपस्थित असलेल्या एका विझार्डने, कोणालाही न विचारता, एकट्याने विचार करून बंगलला पुसून टाकले.

हा शेवट महत्त्वाचा आहे. तीस माणसांची सभा जे करू शकली नाही ते एका माणसाच्या एका आज्ञेने झाले, आणि अनेकांना हायसे वाटले तरी तो रीतसर न्याय नव्हता. पुढे काही काळाने बंगलचा चालक दुसऱ्या नावाने त्याच जगात परतल्याचे दिसून आले. शिक्षा पात्राला झाली होती, माणसाला नव्हे. डिबेल यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘माय टायनी लाइफ’ या पुस्तकातून तर असेही पुढे आले की त्या रात्री बंगलच्या कळफलकामागे एकटा माणूस नव्हता, न्यूयॉर्कमधील एका विद्यापीठाच्या वसतिगृहातील मुलांचे टोळके सूचना ओरडत जमलेले होते. लेग्बाच्या चालकाचे अश्रू एका खोलीत आणि त्यांचे हसणे दुसऱ्या खोलीत, असे हे अंतर होते, आणि मधल्या पडद्यावर दोन्ही बाजूंना तीच वाक्ये दिसत होती.

कर्टिस प्रवासातून परतल्यावर त्यांनी हा सर्व पत्रव्यवहार वाचला आणि लोकशाहीची यंत्रणाच बांधून दिली. कोणाही रहिवाशाने अर्ज मांडावा, त्याला पुरेशा सह्या मिळाल्यास तो तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे की नाही एवढेच विझार्डांनी तपासावे, मग त्यावर सर्वांचे मतदान व्हावे, आणि विरोधी मतांच्या दुप्पट मते अनुकूल पडल्यास विझार्डांनी तो अमलात आणावा, असे तिचे स्वरूप होते. मतदानाने लवादपद्धती आली. स्वेच्छेने पुढे आलेले रहिवासी तंट्यांत लवाद म्हणून बसू लागले. कायद्याच्या अभ्यासक जेनिफर म्नूकिन यांनी १९९६ साली या व्यवस्थेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यात कायदा अधिक काटेकोर करू पाहणारे आणि कायदा म्हणजेच उपद्रव मानणारे अशा दोन पक्षांचे चित्र आहे. याच काळात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने मुंबईसह काही शहरांत सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले तेव्हा ‘शेल’ खाते घेणाऱ्या ग्राहकाला केवळ अक्षरे दिसणारा पडदा मिळे, म्हणजे लॅम्डामूच्या कोठडीत उतरायला जेवढे लागे तेवढेच साधन. त्या दिवसांत लॅम्डामूच्या घरात संविधानावरच भांडण चालू होते.

या प्रयोगाकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य ठरणार नाही, आणि त्याच काळातील दुसऱ्या एका मडचे उदाहरण शेजारी ठेवल्यास त्याचे मोल नीट कळते. मेलबर्न विद्यापीठातील संशोधक एलिझाबेथ रीड यांनी आपल्या अभ्यासात ‘जेनीमश’ या, लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना आधार देण्यासाठी चालवलेल्या मडची हकीकत नोंदवली आहे. तेथे व्यवस्थापक अनुपस्थित असताना एका पात्राने सर्वांवर अत्यंत क्रूर शाब्दिक हल्ला चढवला. व्यवस्थापक परतल्यावर त्या पात्राचे नाव व वर्णन बदलून त्याला अपमानास्पद रूप देण्यात आले, त्याचे बोलणे व हलणे बंद करण्यात आले आणि सर्वांना त्याची निर्भर्त्सना करू देण्यात आली. रीड यांना यात मध्ययुगीन चव्हाट्यावरील शिक्षेचे पुनरुज्जीवन दिसले. पीडितांच्या संतापाविषयी कोणाच्याही मनात किंतु असू नये. परंतु ज्या समाजाकडे खटला चालवण्याची रीत नसते तो शिक्षेचा सोहळा करतो, हेही या घटनेत तितकेच स्पष्ट दिसते. वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ही वाट कोठे जाते हे वेगळे सांगावे लागत नाही.

लॅम्डामूची लोकशाही तीन वर्षे टिकली. १६ मे १९९६ रोजी विझार्डांनी दुसरा जाहीरनामा काढला, ज्याचे सार असे होते की तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय यांच्यात रेषा ओढण्याचा आपला प्रयत्न फसला आहे, यंत्राविषयीचा प्रत्येक निर्णय कोणा ना कोणाच्या जगण्याला स्पर्श करतो, आणि म्हणून गरज वाटल्यास यापुढे विझार्ड स्वतः निर्णय घेतील. अनेकांनी याला सत्ताहरण म्हटले. परंतु त्या जाहीरनाम्यात एक प्रामाणिकपणा आहे, जो आजच्या बलाढ्य कंपन्यांच्या नियमावल्यांत दिसत नाही: सत्ता आपल्याकडे आधीपासूनच होती, ती सोडली असे म्हणणे हा भ्रम होता, ही कबुली त्यात आहे. ज्याच्या हाती वीजपुरवठा आहे तो तटस्थ असू शकत नाही, हे तीन वर्षांच्या प्रत्यक्ष राज्यकारभारानंतर काढलेले अनुमान होते.

त्याच वर्षी बार्टल यांचा मडमधील खेळाडूंविषयीचा प्रसिद्ध निबंध आला. खेळाडू चार प्रकारचे असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते: गुण मिळवणारे, जगाचा शोध घेणारे, माणसांत रमणारे आणि इतरांना छळण्यात आनंद मानणारे. या वर्गीकरणाचा पुढे जाहिरातदार व खेळ-कंपन्यांनी पाटीवरच्या चार चौकटींसारखा वापर केला, पण निबंधाचा रोख निराळा होता. एका प्रकाराची संख्या वाढली की दुसरे प्रकार घटतात किंवा वाढतात, म्हणजे वस्तीची प्रकृती ही तिच्या रचनेवर अवलंबून असते, हा त्याचा खरा मुद्दा होता.

पैसा मोठा झाला तसे तेच प्रश्न मोठ्या पडद्यावर आले. सप्टेंबर १९९७ मध्ये टेक्ससमधून ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला. त्याच्या चाचणीच्या काळात ऑगस्टमध्ये निर्माते रिचर्ड गॅरियट यांचे ‘लॉर्ड ब्रिटिश’ हे अवध्य मानलेले राजपात्र एका खेळाडूने आगीच्या मंत्राने मारले, आणि त्या खेळाडूला नंतर हद्दपार करण्यात आले, ज्याचे कारण त्याने पूर्वी खेळातील दोषांचा घेतलेला गैरफायदा असे देण्यात आले. हत्या व लूट यांमुळे नवखे खेळाडू टिकेनात, तेव्हा २००० साली त्या जगाच्या दोन प्रती करण्यात आल्या: एकीत परवानगीविना हिंसा अशक्य, दुसरीत पूर्ववत मोकळीक. हॅबिटॅटने शहर आणि रान यांत जी तडजोड केली होती, तीच येथे जगाच्या प्रमाणावर झाली, आणि बहुसंख्य खेळाडू सुरक्षित जगात राहायला गेले. या खेळाचे एक प्रमुख रचनाकार राफ कोस्टर हे १९९४ पासून ‘लेजंडमड’ चालवणाऱ्यांपैकी होते. १७८९च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या धर्तीवर त्यांनी २००० साली अवतारांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. अवतारामागे जिवंत माणूस असतो, म्हणून त्याचे हक्क सुटत नाहीत, हे त्याचे सूत्र. तो व्यवस्थापकांपुढे ठेवल्यावर त्यांच्याकडून आलेल्या हरकतींची चर्चाही कोस्टर यांनी प्रामाणिकपणे सोबत जोडली आहे.

या जगांची आजची अवस्था विषम आहे. पहिला मड कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी सेवेवर ‘ब्रिटिश लेजंड्स’ नावाने चालत होता. १९९९च्या अखेरीस, दोन हजार सालच्या संगणकीय दोषाच्या साफसफाईत तो बंद झाला आणि लगेच कॅनडातील व्हिक्टर टॉथ यांनी मूळ संकेत नव्या भाषेत आणून तो पुन्हा चालू केला. हॅबिटॅटला ओकलंडमधील एका संग्रहालयाच्या पुढाकाराने २०१७च्या सुमारास पुन्हा रस्ते व घरे मिळाली. परंतु संकेत वाचला म्हणजे समाज वाचला असे होत नाही. एसेक्सच्या रात्रींतील बोलणे आणि हॅबिटॅटच्या शेरीफच्या निवडणुकीतील वादविवाद आज त्या यंत्रांत नाहीत, कारण ते त्या क्षणी पडद्यावर उमटून नाहीसे होण्यासाठीच होते. लॅम्डामू याला अपवाद आहे. तेथे अर्ज, मतपत्रिका आणि लवादांचे तंटे हे जगाच्या आतच वस्तू म्हणून ठेवलेले होते, आणि ते जग अद्याप चालू आहे. नवागत अजूनही कोटांच्या कोठडीतच जागा होतो, दाराबाहेरच्या दिवाणखान्यात आता बहुधा शांतता असते, आणि १९९३ सालचे अर्ज तेथील टोपणनावांच्या सह्यांसह वाचता येतात.